जनरेटरशेजारी वाचलेलं पान

पेट्रोलचा वास आला की मला चाकणमधलं जनरेटरचं दुकान आठवतं. माझी बारावी जवळ आली होती आणि दर गुरुवारी वीज जायची. कंपनीत प्रेस मशीनवर राबून पप्पांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांना प्रत्येक जनरेटर शांतच वाटायचा. शेवटी त्यांनी माझं पुस्तक हातात देऊन मलाच चालू जनरेटरशेजारी स्टुलावर बसवलं. "वाच. डोक्यात शिरतं का सांग." दुकानदार हसला, "भाऊ, जनरेटर घेताय का लायब्ररी?" पहिल्या दोन जनरेटरपाशी एक ओळही शिरली नाही, पण तसं सांगायला मी कचरत होतो. तिसऱ्यापाशी मी नकळत पान उलटलं. पप्पा लगेच म्हणाले, "हाच द्या." आज कॉलेजात वाटतं, माझ्या पुस्तकातलं त्यांना कळत नव्हतं, पण माझं लक्ष लागलेलं माझ्याआधी त्यांनाच कळलं.