तळेघरला खर्ची पडलेला आवाज

जुन्नरच्या स्टँडवरून नारायणगावची एसटी सुटली, तेव्हा माझ्या मांडीवर प्रभुभोजनाची (भाकर आणि द्राक्षरसाचा आमचा पवित्र विधी) लहानशी लाकडी पेटी होती आणि तोंडाला कुलूप होतं. कुलूप डॉक्टरांनी लावलं होतं.

मी जुन्नरला पाळक आहे. गावातले लोक पाद्री म्हणतात. आमची मंडळी म्हणजे मोजकी घरं, पण त्यांच्यापुढे दर रविवारी बोलायचं, हेच माझं काम. बारशाला बोलायचं, लग्नात बोलायचं, कबरीपाशी तर बोलायचंच. पावसाळ्यात घसा बसला तो उघडलाच नाही. तपासण्या झाल्या आणि स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन पुण्याला, येत्या मंगळवारी. डॉक्टर सरळ म्हणाले, "आवाज परत येईल असं धरून चालू नका. आणि तोवर बोलू नका." मी हट्टाला पेटून विचारलं, "एक उपदेश?" ते जरा वैतागले, मग म्हणाले, "बरं, एकच. पण त्याआधी गप्प राहिलात तर."

तो एक उपदेश रविवारचा होता. रविवारी आमचा कापणीचा सण. नव्या पिकातला वाटा लोक चर्चमध्ये आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्या दिवशी काय बोलायचं, ते मी महिनाभर मनात घोळवत होतो. शेवटचंच बोलायचं तर नीट बोलावं, एवढीच इच्छा होती. त्यासाठी मी घरातसुद्धा खुणांवर जगत होतो. बायको म्हणाली, "तरण्यापणी असे गप्प बसला असतात तर किती बरं झालं असतं!" असं म्हणून हसली आणि लगेच आत निघून गेली.

पण तळेघरचं देणं राहिलं होतं. तिकडे डोंगरातल्या एका वाडीत एस्तेरबाई राहतात. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्या तरी वाडीनं त्यांना सोडलं नाही आणि त्यांनीही वाडी सोडली नाही. तिथे आमच्यातल्या त्या एकट्याच. दर दोन-तीन महिन्यांनी मी त्यांना प्रभुभोजन द्यायला जातो. ऑपरेशननंतर कधी जमेल कोण जाणे, म्हणून शुक्रवारीच निघालो. त्यांच्या शेजारच्या हौसाबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "बाईला आता काईबी ऐकू येत न्हाई बगा." खरं सांगतो, ते ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, नुसते ओठ हलवले तरी भागेल.

नारायणगावला गाडी बदलली. कळंब मागे पडलं, मंचरला भीमाशंकरची एसटी मिळाली. गाडी खचाखच भरलेली. कंडक्टरनं "कुठं?" म्हणून विचारलं. मी कागदावर लिहून आणलेलं 'तळेघर' दाखवलं आणि गळ्याकडे बोट केलं. शेजारच्या फेटेवाल्या गृहस्थांनी माझ्याकडे नीट पाहिलं. वाढलेली दाढी, पांढरा झब्बा, मांडीवर पेटी.

"मौन हाय का बाबांचं?"

मी होकारार्थी मान हलवली. ती गोष्ट खरीच होती.

"सरका राव जरा, मौनातलं मानूस हाय," त्यांनी सगळ्या गाडीला बजावलं आणि मला खिडकी दिली. घोडेगाव गेलं, डिंभ्याच्या धरणाचं पाणी दिसू लागलं. आभाळ दाटलेलं, पाणी शिशासारखं. पुढे घाट, धुकं, आणि उतारांवर पिकून वाकलेला भात. एरवी ही वाट पाहून मी मनातल्या मनात गाणी म्हणतो. त्या दिवशी एकही सुचलं नाही. देवाशी आपलं भांडण आहे का, हे तपासून पाहिलं, तर भांडायलाही आत काही सापडेना. नुसतं रिकामं वाटत होतं.

तळेघरला मी उठलो तसे फेटेवाले गडबडले. माझा दंड धरून म्हणाले, "बाबा, हितं कुठं उतरताय? देव अजून म्होरं हाय!"

मी हात जोडले आणि उतरलो. गाडी धुक्यात गेली.

फाट्यापासून वाडी तासाभराच्या चालीवर आहे. मधल्या ओढ्यात पाय घसरून गुडघा फुटला, पेटी मात्र वाचली. वाडीच्या अलीकडच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. हौसाबाई पेंढ्या टाकून आल्या. माझ्या खुणा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "आता घ्या! ती बहिरी आन् तुमी मुके. कसं व्हायचं वो तुमचं?" घरात नेऊन त्यांनी नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी (काळ्या तेलबियांची, तिखट) वाढली. वर एक बाळहिरडा हातावर ठेवला. "तोंडात धरा. घशाला लई गुणाचा." इथल्या डोंगरात पोटापाण्याला हिरडाच असतो आणि औषधालाही. मी तो तोंडात धरला. सगळं तोंड तुरट झालं.

एस्तेरबाई शेजारी आपल्या ओट्यावरच बसल्या होत्या. पार वाळल्या आहेत. मला पाहून तोंडभर हसल्या आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्यानं म्हणाल्या, "पाळकसाहेब! वाटच बगत व्हते मी."

आत चटईवर पेटी उघडली. भाकर ठेवली, जुन्नरच्याच द्राक्षांचा रस लहान पेल्यात ओतला. एस्तेरबाई समोर बसल्या, डोळे मिटले, आणि एकाएकी हात पुढे करून त्यांनी आपला पंजा माझ्या गळ्यावर ठेवला.

"मी आता हातानं ऐकते," त्या म्हणाल्या. "हौसाचं बी असंच ऐकते. ती लई वराडते, पार कोपरापर्यंत येतं."

मी ओठ हलवायला सुरुवात केली. पापांगीकार झाला, शास्त्रपाठ झाला, भाकरीवरची प्रार्थना अर्ध्यावर आली. सगळं मनापासून म्हणत होतो, शपथेवर सांगतो. फक्त आवाज नव्हता. त्यांचा हात गळ्यावर तसाच होता, गार, खरखरीत. मग त्यांनी डोळे उघडले आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "हं. करा सुरू, पाळकसाहेब. मी तयार हाय."

मी सुरूच केलं नाही, असं त्या समजत होत्या.

मी गळ्याकडे बोट करून मान हलवली. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पुन्हा डोळे मिटून हात जिथल्या तिथे ठेवला. आता यांना कसं समजावणार? आणि समजावून काय सांगणार? तुमच्यासाठी नाही, माझा आवाज रविवारसाठी राखून ठेवलाय, हे?

मी पाणी प्यालो आणि मोठ्यानं सुरुवात केली. दोन ओळी म्हणून थांबायचं ठरवलं होतं. पण पहिल्याच शब्दाला त्यांचा चेहरा असा काही बदलला की थांबवेना. त्यांचे ओठ माझ्या बरोबरीनं हलू लागले. मी सगळं पहिल्यापासून म्हटलं, एक ओळ गाळली नाही. त्यांच्या आवडीचं स्तोत्रही म्हटलं. खळ्यावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. आवाज फाटत गेला, मधे मधे नुसता वारा यायला लागला, तरी आशीर्वादापर्यंत पोचलो. "आमेन" त्यांनी म्हटलं. माझ्याच्यानं ते झालं नाही.

निघताना एस्तेरबाईंनी विचारलं, "नाताळाला येताल न्हवं?" मी मान डोलावली. हौसाबाईंनी झब्ब्याच्या खिशात मूठभर हिरडे कोंबले.

परतीच्या वाटेवर मला राग आला. आधी त्या म्हातारीचा, मग देवाचा. उरलेसुरले चार शब्द, तेही बहिऱ्या बाईपुढे सांडायला लावलेस? माझी मंडळी ऐकायला बसली असती की रविवारी. ओढ्याशी उभा राहून हेच ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलं, काही आलं नाही.

रविवारी मी व्यासपीठावर उभा राहिलो. पुढ्यात कांदे, भोपळे, बाजरीच्या कणसांची जुडी, पाय बांधलेली एक कोंबडी. माणसं माझ्याकडे पाहत होती. मी बोलायला गेलो आणि फुसकन वारा निघाला. दुसऱ्यांदाही तेच. मग मंडळीतले वडीलधारे दानिएलभाऊ पुढे आले, मला हळूच खुर्चीत बसवलं आणि उपासना त्यांनीच पुरी केली. लिलाव झाला. कोंबडीला चांगली बोली लागली. महिनाभर घोळवलेला तो उपदेश कुणी ऐकला नाही, आणि आता मलाही तो नीटसा आठवत नाही.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, तिच्याबरोबर आवाजही गेला. रविवारी मी आता बायकोशेजारी बाकावर बसतो. लोक घरी येतात, जरा वेळ बोलतात आणि माझ्या गप्प बसण्यानं अवघडून लवकर उठतात. पाळक होण्याचं बोलावणं आवाजाला होतं की मला, हा प्रश्न मी देवाला रोज विचारतो.

संध्याकाळी मी प्रार्थनेला बसतो तेव्हा माझाच पंजा माझ्या गळ्यावर ठेवतो. टाक्यांच्या वणावर काहीच हलत नाही. आत मात्र मी म्हणत असतो, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

नाताळ जवळ आला आहे. पेटी पुसून ठेवली आहे, मंचरहून गाडी कधी सुटते तेही पाहून ठेवलं आहे. मी जाणार आहे. एस्तेरबाई डोळे मिटून माझ्या गळ्यावर हात ठेवतील, आणि मी सुरू करण्याची वाट पाहत बसून राहतील.