नंदाचा माळा

माझी धाकटी जाऊ नंदा कोणाच्याही घरी गेली की बसायच्या आधी वर बघायची. वासे सागाचे की बाभळीचे, कौलं कुठं सरकली आहेत का, हे पाहून झालं की मगच टेकायची. एका बारशाला तर पाळण्यात डोकावायच्या आधी तिनं वरची तुळई न्याहाळली आणि घरधनिणीला विचारलं, "वाळवी न्हाई ना लागली?" मी असं विचारलं असतं तर पुन्हा कुणी बोलावलं नसतं. नंदाला मात्र निघताना डबा भरून घुगऱ्या मिळाल्या. तिचं सगळं असंच असायचं, आणि माझ्या पोटात दुखायचं.

ती जामखेडकडच्या खेड्यातली. माहेरी मातीच्या धाब्याचं घर, इतकं बुटकं की घरात सगळे वाकूनच चालायचे. "आक्का, लगीन ठरलं तवा म्या नवरा न्हाई बघितला, भिंगारच्या घराची उंची बघितली," हे ती माझ्या दिरांच्या देखत सांगायची आणि ते मनापासून हसायचे. माझ्या बोलण्यावर माझा नवरा असा हसल्याचं मला आठवत नाही.

भिंगारचं आमचं घर एका कौलारू छपराखालचं, मधे भिंत घालून दोघा भावांत वाटलेलं. माळा तिच्या बाजूला गेला होता. त्यावर कांदे आणि जुनी पितळी भांडी. नंदाला मूलबाळ नव्हतं. माझी रेवू दहावी झाली तेव्हा एक दिवस नंदा सहज म्हणाली, "माळ्याची खोली करायची म्हंते. रेवूला अभ्यासाला हुईल." मी घरी ब्लाउज शिवते. दिवसभर मशीनची खडखड, पोरीला पुस्तक उघडायला कोपरा नाही, हे मला दिसत नव्हतं का? पण ते नंदानं बोलावं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

यासीन मिस्त्री बघायला आले. माळ्यावर उभं राहिलं की तुळई बरोबर छातीशी आडवी यायची. "काढता येईल," ते म्हणाले, "पण नुसती कापली तर छप्पर भिंतीला भायेर ढकलंल. आधी खाली लोखंडी गर्डर, वर आढ्याजवळ नवी बांधणी, मग करवत. आन् भाभी, तुळई सलग हाय, अर्धी तुमच्याकडं. तुमी न्हाई म्हणाला तर मी हात लावत न्हाई."

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या होकारावाचून नंदाचं काही अडलं, असं आयुष्यात तेवढ्या एकदाच घडलं. मी ते सुख पुरवून पुरवून घेतलं. आमची कौलं घसरतील म्हणाले, भिंतीला तडा जाईल म्हणाले, पावसाळा सरू दे म्हणाले. नंदा दर वेळी एकच म्हणायची, "बघू की आक्का, घर कुठं पळून चाललंय?" भांडली असती तर मी नाही म्हणून मोकळी झाले असते. शेवटी रेवूच मशीनपाशी येऊन बसली. "आई, हो म्हण ना गं." मी हो म्हटलं.

माझ्या स्वयंपाकघरात टेकू उभे राहिले. त्यांना वळसे घालत मी भाकरी थापायचे, आणि मिस्त्रीची माणसं पलीकडे नंदाच्या पिठल्याचं कौतुक करायची.

आढ्याखाली नवी बांधणी चढली त्या दिवशी बांधणीला नारळ आणि हिरवा खण बांधायचा होता. आमच्यात हा मान थोरल्या सुनेचा. मी ठेवणीतली साडी नेसून शिडीपाशी जाऊन उभी राहिले. नंदानं खण माझ्या हातात दिला आणि लगेच म्हणाली, "आक्का, खोली रेवूची हाय. तिच्याच हातनं बांधायचा का?" पोटच्या पोरीला नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं? रेवू भराभरा शिडी चढली, गाठ मारली आणि वरून ओरडली, "काकू, बघ!" शिडी मी धरली होती.

मग रेवू तिथलीच झाली. जेवायला तेवढी आमच्याकडे. दोघींचं हसणं छपरातून इकडे ऐकू यायचं आणि मी मशीन जोरात चालवायचे. बारावीला तिला भरघोस गुण मिळाले, तेव्हा गल्लीनं पेढे माझ्या हातचे खाल्ले आणि शाबासकी नंदाला दिली. रेवू राहुरीला शेतकीच्या कॉलेजात गेली. माझ्याशी फोन "जेवलीस का" वर संपायचा. काकूशी बोलायला लागली की फोन गरम व्हायचा.

गेल्या उन्हाळ्यात नंदा गेली. छातीत दुखतंय म्हणाली, चालत जाऊन रिक्षात बसली आणि दवाखान्याच्या दाराशीच संपली. कुणाला अंथरुणाशी बसायला लावलं नाही. खोटं कशाला सांगू, मला त्याचाही हेवा वाटला.

सगळं उरकून लोक पांगले, तेव्हा रेवू माझ्या समोरून गेली आणि माळ्यावर चढली. बराच वेळ खाली येईना, म्हणून मी गेले. खोली झाल्यापासून मी तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. ती खाटेवर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मी म्हटलं, "चल बाळा, घरी चल. चहा टाकलाय."

तिनं डोळे पुसले. जराशी सरकून तिनं मला जागा करून दिली.

"आई, मी घरीच आहे," ती म्हणाली. "तू बस ना."

मी बसले, पाहुणीसारखी, खाटेच्या कडेला.