उंदीर पडला, घर सोडा

मला बघायला पाहुणे यायचे होते, त्याच सकाळी माळ्यावरून एक मेलेला उंदीर थेट पोह्यांच्या परातीशेजारी पडला. आई किंचाळली. मी केरसुणी आणायला धावले. बाबांची म्हातारी आत्या एरवी गुडघ्यांमुळे खाटेवरून हलत नसे, ती मात्र तरातरा अंगणात जाऊन उभी राहिली.

"उंदीर पडला. घर सोडा!"

"अगं आत्या, प्लेग कधीच गेला," बाबा म्हणाले.

"तुला सांगून गेला काय रं?"

आत्याने तिच्या आजीकडून ऐकलं होतं : आधी उंदीर मरायचे, मग माणसांना काखेत, जांघेत गाठी यायच्या. तेव्हा आमचं अख्खं गाव घरांना कड्या लावून शेतात झोपड्या बांधून राहिलं होतं. गेले तेवढे परत आले नव्हते.

आत्या घरात पाऊल टाकेना. शेवटी सतरंज्या, शेगडी, कपबशा, सगळं शेतातल्या आंब्याखाली नेलं. बाबांनी चौकातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "उंदराला उघड्या हाताने शिवू नका. प्लेगवर आता औषध आहे, वेळेत दिलं की माणूस बरा होतो. पण आधी शेजारी विचारा, कुणी विष ठेवलंय का."

शेजारच्या काकूंनी ठेवलं होतं.

तोवर पाहुण्यांची गाडी बांधापाशी थांबलीही होती. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी अडखळत सगळं सांगितलं. मुलाचे आजोबा सतरंजीवर ऐसपैस बसले.

"आमची वाडी कशी झाली, ठाव हाय? प्लेगात माणसं माळावर आली. पुढं साथ सरली, पण कुणी दवंडी पिटली नाय. एक साल उंदीर पडले नाय, दुसऱ्या सालीबी नाय. तवर माळावर विहीर लागली होती. मग कोण परत जातंय?"

आत्या खूश झाली. दोघांच्या गप्पा अशा रंगल्या, की मला कुणी काही विचारेचना. मुलानेच हळूच विचारलं, "उंदरांची भीती वाटते तुम्हाला?"

"जिवंत उंदरांची वाटते."

तो इतका हसला, की चहा सांडला.

लग्नानंतर त्याने मला त्यांचं ओस पडलेलं जुनं गाव दाखवलं. करवंदीच्या जाळ्यांत घरांची जोती उरलीत. मधल्या मोकळ्या जागेत वाडीतली पोरं क्रिकेट खेळत होती. त्यांनी मला बॅटिंगला बोलावलं. मी पदर खोचून गेले आणि पहिल्याच चेंडूवर बाद झाले.