घरोघरी भेदरं

आमच्या झाडीपट्टीत टोमॅटोला भेदरं म्हणतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण एका माणसाला ते वेळेवर कुणी सांगितलं नाही आणि आमच्या गावातली एक ठरलेली सोयरीक त्यापायी अडली. तो माणूस पेपरवाला होता.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात मूल गावाजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. धानाची कापणी आटोपली तरी बोडीच्या, म्हणजे आमच्या लहान तळ्याच्या, काठाला ओल टिकून राहायची. तिथं मी हौसेनं भेदरं लावायचो. गावात आधीपासून बोराएवढी आंबट भेदरं होती, कुंपणाकडेला आपोआप उगवणारी. मी नागपूरहून बी आणून मुठीएवढी काढली, तर लोकांना पहिली शंका त्या आकाराचीच आली. एवढं मोठं म्हणजे आत काहीतरी भरलं असणार! एका माळकरी म्हाताऱ्यानं तर हे मासासारखं दिसते, मी ताटात घेत नाई, म्हणून तोंडावर सांगितलं. मग मी रोपं फुकट वाटली. त्यावर शंका वाढली. "मास्तर फुकट काऊन देऊन राह्यला?" असं पारावर चाललेलं माझ्याच बायकोनं ऐकलं. पण चव लागली तसं बोलणं थांबलं आणि एका हिवाळ्यात गावात असं अंगण उरलं नाही जिथं माझ्या बियाचं झाड नव्हतं.

त्याच हिवाळ्यात चांद्याच्या प्रदर्शनात माझ्या भेदऱ्यांना बक्षीस मिळालं आणि आठवडाभरात पेपरवाला दारात उभा राहिला. पोरगेलासा, पुण्याकडचा, नागपुरात नवीन आलेला. त्याचे बूट लख्ख होते. मूलपासून बैलगाडीत बसून आलेल्या माणसाचे बूट लख्ख कसे, हा प्रश्न मला आजही पडतो. मी स्वभावानंच संशयी. न कळवता आलेला पाहुणा आणि न विचारता हसणारा माणूस, या दोघांशी मी जपूनच बोलतो. हा दोन्ही होता.

त्यानं बियाणं विचारलं, खत विचारलं. मी त्याला कळावं म्हणून सारखं टोमॅटो, टोमॅटो म्हणत होतो. पण त्याचं लक्ष माझ्या झाडांवर नव्हतं, पलीकडच्या जंगलावर होतं.

"गुरुजी, इकडे वाघ आहे म्हणतात?"

"जंगल आहे तं वाघ राहीनच," मी म्हणालो.

"मग गावाची काय अवस्था?"

हा प्रश्न त्यानं चहा घेऊन आलेल्या माझ्या बायकोकडे बघून विचारला. ती चुलीपाशी होती, वाघाचं बोलणं तिच्या कानावर नव्हतं. माणूस भेदऱ्यासाठी आलेला, तेव्हा तो भेदऱ्याचंच विचारणार, असं तिनं धरलं. तिनं कौतुकानं सांगितलं, "काय सांगू भाऊ, यंदा घरोघरी भेदरंच भेदरं! लहान्यापासून म्हाताऱ्यापर्यंत. पोट्टे तं झोपेतई भेदरं म्हणते."

त्याची पेन्सिल पळायला लागली. मला वाटलं, बाईमाणसाच्या तोंडून कौतुक आलं म्हणून लिहितोय. तेवढ्यापुरता माझा संशय झोपला, आणि घात झाला.

पेपर आमच्या गावात येत नसे. बातमी कळली ती ढीवरणीच्या घरातून. ही मासे धरणाऱ्या ढीवर जातीची बाई आमच्या शेजारची. नवरा गेल्यावर तिनं बोडीत जाळं टाकून आणि धानाच्या रोवण्याच्या मजुरीवर एकुलती एक लेक वाढवली होती. त्या पोरीची सोयरीक वरोऱ्याकडे ठरली होती. मुलाकडे नदीवर स्वतःचा डोंगा होता, घरात सासू मायाळू होती, आणि एवढं चांगलं स्थळ त्या बाईनं स्वप्नातही पाहिलं नव्हतं. फक्त सुपारी फुटायची बाकी होती. एका सकाळी ती माझ्या अंगणात आली आणि बसली नाही.

"गुर्जी, तुमी त्या पेपरवाल्याले काय सांगतलं?"

"भेदऱ्याचं सांगितलं. काऊन?"

"मंग वरोऱ्याचे लोकं सुपारी नाई काऊन म्हणून राह्यले?"

सोयरीक जुळवणारा मध्यस्थ निरोपासोबत तो पेपरही तिच्याकडे देऊन गेला होता. मी वाचला. वाघाच्या दहशतीनं सारं गाव भेदरलं आहे, आबालवृद्ध घरोघरी भेदरलेले आहेत, मुलं झोपेत दचकतात, आणि टोमॅटोत रमणाऱ्या गुरुजींच्या घरातही भीतीनं ठाण मांडलं आहे! मुलाच्या बापाला कुणीतरी हे चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. त्याचा निरोप सरळ होता. वाघाच्या वाटेनं वरात नेत नाही, ते एक. आणि भ्यालेल्या गावची पोरगी आणली की तिच्यासंगं भेव घरात शिरते, ते दुसरं.

मी ढीवरणीला शब्दाचा घोळ समजावून सांगितला. बायकोनं डोक्याला हात लावला. पण ढीवरणीच्या चेहऱ्यावरचं मळभ हटेना. छापून आलेलं खोटं कसं असेल? आणि मास्तर स्वतः शिकलेला, मग त्यानं असं छापू कसं दिलं? त्यातून मी त्या माळकरी म्हाताऱ्याला मागे एकदा मोठं भेदरं दाखवून चिडवलेलं सगळ्यांना आठवत होतं. पारावर पुन्हा माझं नाव निघायला लागलं. मास्तरनं बक्षिसापायी गाव विकलं, म्हणे. खरं सांगतो, मला त्या पोराचा इतका राग आला होता की तो पुन्हा आला असता तर बोडीतच ढकलला असता.

तो आला नाही. आले रेडिओवाले. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी मूलच्या डाक बंगल्यात माझं बोलणं यंत्रावर भरून घेणार होते. मी नाही म्हणणार होतो. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि मी तर ताकाच्या मडक्याजवळही जाणार नव्हतो. पण गाव भ्यालं नाही म्हणून दोनदा वरोऱ्याला माणूस धाडूनही तिकडे पटलं नव्हतं, तेव्हा ढीवरणच म्हणाली, "जा गुर्जी. वरोऱ्यात रेडिओ ऐकते लोकं. सांगजा का आमचं गाव भ्यालं नाई."

गेलो. रेडिओचा माणूस गोड बोलणारा होता, म्हणजे सावध राहणं आलंच. त्यानं मला बजावलं, "गुरुजी, 'टोमॅटो' म्हणा. 'भेदरं' श्रोत्यांना कळणार नाही."

"कोणत्या श्रोत्यांना?" मी विचारलं. त्यानं यंत्र सुरू केलं.

मी खत, पाणी, कीड सगळं त्याच्या मनासारखं टोमॅटो टोमॅटो करत सांगितलं. शेवटी एका दमात म्हणालो, "आणि आमच्या गावात घरोघरी भेदरं आहेत, म्हणजे हेच टोमॅटो आहेत. आमचं गाव कुणाला भ्यालेलं नाही." तो हसला, मान हलवली. छान झालं म्हणाला.

कार्यक्रम ऐकायला आम्ही मूलच्या तांदूळ गिरणीवर गेलो. गिरणीमालकाकडे रेडिओ होता. ढीवरण माझ्या बायकोशेजारी पोत्यावर बसली, पदर सावरून, जणू रेडिओतला माणूस तिलाच पाहणार आहे. माझा आवाज आला. खत आलं, पाणी आलं, कीड आली. मग भजनं सुरू झाली.

"झालं?" ती म्हणाली. "तुमी ते सांगतलं म्हणत होते, ते कुठी आहे?"

ते नागपुरात कुणीतरी कापून टाकलं होतं. तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलो नाही. परत येताना गाडीत ती माझ्याकडे पाठ करून बसली. तिला वाटत होतं की मी ते वाक्य बोललोच नव्हतो, आणि माझ्याकडे तसं नाही हे दाखवायला काही नव्हतं. मला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी मध्यस्थानं मुलाच्या बापाचे पाय धरले, एकदा डोळ्यानं पाहून घ्या म्हणून. तो आला. मग आमच्या गावानं जे केलं ते आठवून मला अजून हसू येतं आणि चीडही येते. आपण भ्यालो नाही हे दाखवायचं म्हणून सारं गाव ढीवरणीच्या अंगणात जमलं आणि मोठमोठ्यानं हसायला लागलं. विनोद कुणी केला नव्हता. माळकरी म्हातारा तर काठी टाकून छाती काढून उभा. पाहुणा एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. थोड्या वेळानं माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "गुर्जी, खरं सांगा. हे एवढे काऊन हासून राह्यले? काईतरी लपवून राह्यले ना?"

मी त्याला हाताला धरून जेवायला बसवलं. माझ्या बोलण्यानं आजवर काय भलं झालं होतं?

ताट आलं. भात, सुकटाचं कालवण आणि निखाऱ्यावर भाजलेल्या भेदऱ्याची चटणी. पाहुण्यानं घास घेतला, थांबला, पुन्हा घेतला.

"भेदरं मोठे गोड आहेत. कोणाचे?"

"कोणाचे म्हणजे?" मध्यस्थ म्हणाला. "घरोघरी आहेत यंदा."

पाहुण्याचा हात ताटावरच थांबला. 'घरोघरी... भेदरं...' असं त्यानं ओठातल्या ओठात जुळवून पाहिलं. मग तो असा हसला की अंगणातलं खोटं हसणं आपोआप थांबलं. "अरे, भेदरं! त्या पेपरवाल्याचं भेदरलं म्हणजे हे भेदरं व्हय!" डोळ्यात पाणी येईपर्यंत हसून त्यानं हात धुतला आणि म्हणाला, "आना सुपारी. आत्ताच फोडू."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. बायको आत सुपारी आणायला वळलीसुद्धा. तेवढ्यात ढीवरण दारातून पुढे आली. डोक्यावरचा पदर नीट, आवाज शांत.

"भाऊ, चटणी आणखी घ्या, पोटभर जेवा. पन सुपारी नाई."

 मध्यस्थ तिला खुणावू लागला. मलाही वाटलं, ही बाई वेडी झाली, हातचं स्थळ घालवते.

"मी तुमच्याकडे दोनदा मानूस धाडला," ती म्हणाली. "भ्यालो नाई म्हनून सांगतलं. तुमाले पटलं नाई. पेपर पटला, चटणी पटली. उद्या माह्या पोरीबद्दल कोणी काई बोललं, तं ती चटणी कुठून आणीन?"

 पाहुणा भला माणूस होता, मान खाली घालून उठला. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. तिच्या लेखी तिचा शब्द न राखणाऱ्यांच्या ओळीत मीही होतो, हे मला ठाऊक होतं.

पोरीचं लग्न पुढच्या वर्षी झालं, वैनगंगेच्या पलीकडे, जंगलाच्या पार आत. वाघ तिकडे आमच्यापेक्षा जास्त. ते ढीवरणीनं विचारलंसुद्धा नाही. त्या गावात पेपर येत नाही, एवढं मात्र पक्कं विचारून घेतलं.