गोरिल्ला आणि माझं तिसरं स्थळ

निजामाच्या राज्यातली गोष्ट. गुलमंडीत काकांचं कापडाचं दुकान, वर आमचं घर. वडील नव्हते, काकांनीच मला वाढवलं. माझा डावा पाय जन्मापासून जरा आखूड. बसले की लाखात एक, उठले की संपलं. दोन स्थळं ‘चालून दाखव’पाशी येऊन परत गेली होती. तिसरं आलं ते हैदराबादेत उर्दूतून शिकलेल्या एका शाळामास्तराचं. मी दाराआडून पाहिला आणि मला तो आवडला. उगाच कशाला लपवू, आता दुसरं कोणी नकोच असं वाटलं.

काकांनी विचारलं, “शाळेत काय शिकवता?”

“प्राण्यांचं शास्त्र. सध्या गोरिल्ला चालू आहे. आफ्रिकेतलं मोठं वानर. शेपूट नाही, बोटांना आपल्यासारखीच नखं. आपल्या भाऊबंदांतलाच म्हणा.”

काकांचा पोह्यांचा चमचा हवेतच थांबला. “भाऊबंद? मग तो मेला की आपण सुतक धरायचं का?”

“छे, लई लांबचा. पूर्वज एकच, पण लाखो वर्षांपूर्वी चुली वेगळ्या झाल्या. तो झाडपाल्यावर राहिला, अजून हाताची बोटं मुडपून जमिनीला टेकत चालतो. आपण दोन पायांवर उभे राहिलो, बोलायला लागलो.”

“जरा जास्तच बोलायला लागलो,” काका पुटपुटले. हेही स्थळ हातचं जातंय, असं मला दाराआड वाटलं.

तेवढ्यात मला बाहेर बोलावलं. मास्तराची आत्या म्हणाली, “जरा चालून दाखव गं.”

आलं का पुन्हा! माझं डोकंच फिरलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लंगडत गेले, वळले आणि म्हणाले, “दोन पायांवर चालले. हात जमिनीला लावले नाहीत. बोलतेही आहे. आणखी काय बघायचंय?”

काकांनी कपाळाला हात लावला. मास्तर आधी खो खो हसला. मग आत्याकडे वळून म्हणाला, “मला मुलगी पसंत आहे.”

लग्नाची पत्रिका आफ्रिकेलाही धाडायची का, असं काका पुढं महिनाभर विचारत राहिले.

लग्नानंतर आम्ही बाजारात निघालो की हे माझ्याइतकंच सावकाश, माझ्या पावलाला पाऊल लावून चालायचे. एकदा शेजारच्या दुकानदारानं काकांना हळूच विचारलं, “जावईबापूंचाही पाय अधू आहे काय?”

“नाय हो,” काका म्हणाले, “पाय धड आहेत. माणूसच तसा आहे.”