काकू अरे-तुरेवर येतात

गेल्या मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी नॉटिंगहॅममधल्या एका कॉलेजच्या स्पॅनिश मंडळाने माझ्या शेजारच्या काकूंना सभासद करून घेतलं. स्पॅनिश भाषा आणि संस्कृती शिकणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांसाठी असलेलं हे मानाचं मंडळ. काकू अडुसष्ट वर्षांच्या आहेत, हॉस्पिटलच्या फार्मसीतून निवृत्त झाल्यावर त्याच कॉलेजात स्पॅनिश शिकायला लागल्या आहेत, आणि उभ्या इंग्लंडात त्यांच्याइतकं अहो-जाहो करणारं माणूस दुसरं नाही. वॉशिंग मशीन मध्येच थांबलं, तर त्या "अहो, काय झालं तुम्हाला?" असं विचारतात. शेजारचं मांजर कुंपणावर चढलं की "उतरा बरं खाली" म्हणतात. त्यांची नात एकदा वैतागून म्हणाली, "आजी, तो कॅट आहे, गेस्ट नाहीये!" त्यावर काकू म्हणाल्या, "आपल्या दारात आलेत ना?"

स्पॅनिशमध्येही आदराचा 'उस्तेद' आणि जवळिकीचा 'तू' असा भेद आहे, आणि तो 'तू' उच्चाराने थेट आपलाच. काकूंची अडचण तिथेच झाली. इंग्रजीतलं 'यू' त्यांनी चाळीसहून जास्त वर्षं बिनदिक्कत वापरलं होतं. हा 'तू' मात्र ओठांवर आला की त्यांना मराठीच ऐकू यायचं. वर्गातल्या एकोणीस वर्षांच्या मुलांना त्या उस्तेद म्हणायच्या. मुलांना वाटायचं, काकू रागावल्यात. मंडळात येण्याची अट नेमकी हीच होती: सभागृहात हजर असलेल्या एका जवळच्या माणसाशी तीन मिनिटं जवळिकीच्या भाषेत बोलायचं. पाच वेळा उस्तेद आला की नापास. संधी दोनच. काकूंनी पहिल्या वेळी आपल्या शिक्षिकेलाच निवडलं आणि नऊ वेळा उस्तेद म्हटलं. शिक्षिका स्पेनमधल्या सेव्हियाची, बत्तीस वर्षांची. ती कळवळून म्हणाली, "मला तू म्हणा ना!" काकू मला घरी सांगत होत्या, "शिकवणाऱ्या बाईंना अरे-तुरे? जीभ झडेल माझी." मग म्हणाल्या, "मिरजेला बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं, लग्न झालं, इकडे आले. कॉलेजात माझं नाव कुणी मोठ्याने वाचलेलंच नाही हो."

दुसऱ्या वेळी नातीची ब्रिस्टलला परीक्षा होती. जवळचं म्हणावं असं सभागृहात एकच माणूस होतं: काका. काकांना स्पॅनिशचं अक्षर येत नाही. ते पहिल्या रांगेत कोट घालून, हात मांडीवर ठेवून बसले होते. मी त्यांच्या शेजारी होतो. काकू उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, आणि काकांकडे न बघता घड्याळाकडे बघून बोलू लागल्या. पहिल्या मिनिटात तीन उस्तेद गेले. मग चौथा. शिक्षिकेने डोळे मिटून घेतले. काकू थांबल्या. मग त्यांनी काकांकडे पाहिलं आणि पुढचं सगळं 'तू'मध्ये झालं. त्या काय म्हणाल्या, ते शिक्षिकेने मला नंतर सांगितलं: भाजी अळणी झाली तर तू बोलत नाहीस, मी ओट्याकडे वळले की गुपचूप मीठ घेतोस, आणि ते मला दिसतं. टाळ्या झाल्या. मंडळाच्या सचिवाने काकूंचं पूर्ण नाव, चुकीच्या उच्चारात पण मोठ्याने, वाचलं.

परतताना काका गाडी चालवत होते, मी मागे बसलो होतो.

"एवढं बोललीस," काका म्हणाले, "मला एकच शब्द कळला."

"कोणता?"

"तू."

काकू खिडकीबाहेर बघू लागल्या.

"परत एकदा म्हण की."

"अहो, लाइट्स ग्रीन झालेत. मागचे हॉर्न देतायत."

त्यानंतरच्या सोमवारी काकांनी त्याच कॉलेजात, नवशिक्यांच्या स्पॅनिश वर्गात नाव घातलं.