ढगात गेलेल्या मशीनची पूजा

चिखलीजवळच्या एका बियाण्यांच्या कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळायचो. पदाचं नाव लांबलचक होतं, पण सगळ्यांच्या लेखी मी 'सर्व्हरवाला'. कंपनीच्या सगळ्या ई-मेल ज्या मशीनमधून येत-जात ते माझ्या ताब्यात होतं, आणि त्याच्या खोलीत एसी होता. खुद्द साहेबांच्या केबिनमध्ये कूलर. त्यामुळे मे महिन्यात माझी प्रतिष्ठा फार वाढायची. वजनकाट्यावरचा माणूससुद्धा "मेल अडकली का पाह्यतो" म्हणत यायचा आणि निवांत पाहत बसायचा. त्याला मेल आयडीच नव्हता.

दसऱ्याला ट्रॅक्टर, चाळणी, वजनकाटा यांच्याबरोबर सर्व्हरचीही पूजा व्हायची. हिशेब विभागातल्या काकू ताट घेऊन यायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी झेंडूचा जाडजूड हार नेमका हवा आत जायच्या जाळीवर घातला आणि मशीन तापून बंद पडलं. दोष मुहूर्ताला गेला. पुढल्या वर्षी मी भिंतीत खिळा ठोकला आणि हार त्याला अडकवायला लावला. काकूंना ते कधीच पटलं नाही. "पूजा मशीनची अन् हार खिळ्याले?" असं त्या दरवर्षी विचारायच्या.

पुढे मशीन म्हातारं झालं. लाइट गेली की माझा जीव टांगणीला लागायचा. मेल क्लाउडवर न्यावी, ही योजना मीच मांडली. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणारे पुष्कळ असतात, मी आधी तिला धार लावून घेतली. एकेकाची जुनी मेल नव्या जागी हलवली, तपासली, कुणाचं काही मागे राहिलं असेल म्हणून मशीन आणखी थोडे दिवस चालू ठेवलं. साहेब खूश झाले. एका दुपारी हसत म्हणाले, "मेल तं आता ढगातून येऊन राह्यली. मंग तुले इथं काय काम राह्यलं?"

मीही हसलो. "दसरा होऊ दे, मंग बोलू," असं म्हणून ते फोनला लागले.

मला भीती वाटली. मुलगी बारावीला, माझी चाळिशी उलटलेली, आणि बियाण्यांच्या कंपनीला सर्व्हरवाला लागत नाही हे मीच सिद्ध करून दाखवलेलं. घरी मी यातलं काही बोललो नाही.

मशीन बंद करायच्या दिवशी विशेष काही घडलं नाही. डिस्कवरचं सगळं पुसलं, वायरी काढल्या, पंखे थांबले. कुणीतरी विचारेल असं मला उगाच वाटत होतं. एकाही माणसाची मेल अडली नाही. अडलं फक्त झेरॉक्स मशीनचं, कारण ते स्कॅन केलेले कागद अजून जुन्या सर्व्हरकडेच पाठवत होतं. अख्ख्या कचेरीत त्याची आठवण काढणारं तेवढं एकच निघालं. एसी साहेबांच्या केबिनमध्ये गेला, त्याची चौकशी मात्र सगळ्यांनी केली.

दसऱ्याला काकू नेहमीप्रमाणे ताट घेऊन आल्या. खोलीत खिळा होता, आणि खाली मशीनच्या जागी धुळीचा चौकोन.

"काऊन रे, मशीन कुठी गेली?"

"भंगारात, काकू. मेल आता ढगात हाये."

त्यांनी छताकडे पाहिलं, मग हातातल्या ताटाकडे. "मंग मी पूजा कोणाची करू? भरलं ताट वापस नेत नसतेत."

मी काही बोलायच्या आत त्यांनी कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला टेकवलं, वर अक्षता लावल्या आणि हार सरळ माझ्या गळ्यात घातला. इतक्या वर्षांनी मनासारखी पूजा झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"तू तं हायेस ना इथं?"

सणाच्या दिवशी अशुभ बोलू नये म्हणून मी "हाव" म्हणालो.

दारात साहेब सोनं द्यायला आले होते. त्यांनी आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली. दरवर्षी ते गळाभेट घ्यायचे. या वर्षी, हार चुरगळेल म्हणाले, आणि पुढल्या खोलीकडे गेले.